दोन दारांची गाडी

पालमच्या रस्त्याला लागून थोडंच अंतर झालं होतं आणि आदिनाथनं पुन्हा गाडी थांबवली. कडेला कुणीतरी हात केला होता. माझ्या या मुलाला रस्त्यात हात दिसला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

"या, बसा बसा. आई, जरा सरक तिकडं."

मी सरकले. मागच्या फाट्यावर दोन बाया चढल्या होत्या, त्याच्या आधी एक मास्तर. आता आलेल्या माणसाजवळ खताची गोणी होती. ती कुठं ठेवायची यावर सगळ्यांनी आपापली मतं दिली. एकीनं गोणी माझ्या पायाशी ठेवायला सुचवलं. मी खिडकीतून ऊन कुठवर आलंय ते बघत होते. निघालो तेव्हा बाभळींच्या सावल्या रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या होत्या. आता त्या बुंध्यापाशी गोळा व्हायला लागल्या होत्या.

"आदिनाथ, चल ना रे बाबा."

"चाललो की. माणसं बसू दे."

माझी थोरली बहीण कडूबाई पालमच्या पुढं एका गावात राहते. तिच्या आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं तिचं नाव असं ठेवलं, आणि ती सगळ्यांना पुरून उरली. आता वर्षभरापासून तिची आठवण जायला लागली आहे. सकाळी तिला बरंच काही आठवतं. कोणत्या म्हशीला किती दूध होतं, आमच्या आईच्या लुगड्याचा काठ कसा होता, सगळं. ऊन चढलं की माणसं तिच्या हातून सुटत जातात. म्हणून मला तिथं सकाळीच पोचायचं असतं. फार तर न्याहारीपर्यंत.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा तिचं जेवण झालं होतं. ती ओसरीवर बसली होती. माझ्याकडं पाहून तिनं पदर सावरला आणि सुनेला हाक मारली, "बबिता, पाव्हण्या आल्यात बग. च्या टाक." मग मला म्हणाली, "बसा बाई. तुमी कुणीकडल्या?"

मी चहा घेतला. पाहुणीसारखा, बशीत ओतून.

परतताना मला गाडीत स्वस्थ बसवेना. घरी गंगाखेडला आल्यावरही मी ओसरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून ओसरीत येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी आदिनाथवर तोंड सोडलं.

"एवढ्या लोकांना कशाला घ्यायचं? यष्टी नाही का त्यांना?"

"आई, लोक म्हणतील, दिनकररावांचा पोरगा रिकामी गाडी पळवत गेला. तुला चालंल?"

दिनकरराव म्हणजे माझे यजमान. त्यांची जीप होती तेव्हा या रस्त्यावर गाड्या मोजक्याच दिसत. जीप घराबाहेर पडली की ती त्यांची राहत नसे. बाजाराला निघालेले, दवाखान्याला निघालेले, लेकीला सासरी पोचवणारे, सगळे मागं चढत. मी मालकाची बायको, पण पुढच्या सीटवर बसल्याचं मला आठवत नाही. पुढं कुणीतरी वडीलधारं माणूस असे. मी आधी चढून पार आत, पुढच्या सीटच्या पाठीला टेकून बसायची. त्यामुळं उतरायला सगळ्यांत शेवटी. तोवर पाय बधिर झालेला असे. कडूबाईच्या दारात जीप थांबली की ती धावत यायची, आत हात घालून माझं मनगट पकडायची आणि ओढायची. "निघ गं ठके," म्हणायची. माझं हे नाव आता तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

माझी नात अपेक्षा परभणीला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. गंगाखेडहून रेल्वेनं जाते-येते. तिला स्वतःची गाडी घ्यायचीच होती. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "आजी, मी दोन दारांची गाडी घेते."

"दोन दारांची?" आदिनाथचा घास हातातच राहिला. "मग मागच्यानं उतरायचं कुठून?"

"मागं कुणी बसणारच नाही, बाबा. पुढं मी आणि आजी. हात केला तरी लोकांना दिसेल की बसायला जागाच नाही. आपल्याला नाही म्हणायची पाळी येत नाही."

आदिनाथ म्हणाला, "असली गाडी घेणारी तू जिल्ह्यात पहिलीच असशील." मला मात्र त्या क्षणी ती गाडी दारात उभी दिसली.

रविवारी आम्ही परभणीला गेलो. जिंतूर रस्त्याला गोपीचंद नावाचा जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे. अपेक्षानं ओळखीचा मेकॅनिक धम्मपाल यालाही बोलावलं होतं. माझी कंबर दुखरी, गुडघे त्याहून दुखरे. अपेक्षा म्हणाली, "धम्मपालभाऊ इंजिन बघतील, मी खर्च बघते, तू नुसती बस आणि ऊठ."

गोपीचंद मला पाहून म्हणाला, "आजींसाठी गाडी? मग सात सीटची घ्या की ताई. अख्खं खानदान बसंल."

"अख्खं खानदान बसू नये म्हणूनच आलोय."

तो हसला. "दोन दाराच्या हायत माझ्याकडं. कूपे म्हणतात ह्याला. आपल्याकडं लोक नवरदेवाला भाड्यानं द्यायला घेतात, सोताला बसायला कुणी घेत न्हाई."

कूपे हा शब्द मला ठाऊक होता. लग्नानंतर एकदा दिनकररावांनी मला पहिल्या वर्गातून औरंगाबादला नेलं होतं. दोघांपुरता डबा, आतून कडी. तोही परभणीच्या पुढं त्यांनी एका बाळंतिणीला देऊन टाकला होता.

पहिली गाडी लाल होती आणि जमिनीला टेकलेली. मी वाकले, मान आत घातली आणि बसले ती बसलेच. उठता येईना. एका हाताला अपेक्षा, दुसऱ्या हाताला गोपीचंद, असं दोघांनी मला बाहेर काढलं.

"आजी, ही तरण्या पोरांची गाडी हाय," गोपीचंद धापा टाकत म्हणाला.

"हे आधी सांगायचं होतं, बाळा."

दुसरी काळी, लांबलचक. तिच्या सीटवर टेकताच झोप यावी अशी. मी अपेक्षाला डोळ्यांनी खुणावलं, हीच घे. अपेक्षानं विचारलं, "एव्हरेज काय देते?"

गोपीचंदनं बॉनेटवर हात फिरवला. "ताई, एव्हरेज इचारणाऱ्यानं ह्या गाडीकडं बगू ने."

धम्मपालनं खाली वाकून बघितलं आणि उठताना म्हणाला, "टायर पुण्याहून मागवावे लागतील. ऱ्हाऊ द्या."

तिसरी राखाडी रंगाची, नांदेडच्या एका डॉक्टरांची. मागून जरा उतरती, पण इतकीही बुटकी नाही. दार भलं रुंद होतं. मी आधी बसले, मग पाय आत घेतले, आणि उठताना दाराच्या चौकटीला धरून एकटीच उठले. अपेक्षानं वसमत रस्त्यावर चक्कर मारली. खड्डा आला तरी माझ्या कंबरेनं तक्रार केली नाही. धम्मपाल म्हणाला, "इंजिन नेहमीच्या छोट्या गाडीचंच हाय. सामान परभणीत मिळतं. पेट्रोलला लय तरास देणार न्हाई."

मी मागं वळून पाहिलं. "इथंही सीट आहे की."

"हाय नावाला," गोपीचंद म्हणाला. "भाजीची पिशवी ठिवायला. पुढचं सीट हे असं खटका दाबून पाडायचं, मग मागं जाता येतं. पण मोठं माणूस गेलं तर त्याला परत काढायचं म्हंजी लय उद्योग."

"कुणी जात नाही," अपेक्षा म्हणाली.

गाडी घरी आली, पण पुढचा रविवार काही लवकर येईना. मी आठवडाभर दारातून तिच्याकडं बघत होते. कडूबाईला या दिवसांत काय काय विसरायला झालं असेल, हेच डोक्यात.

रविवारी दिवस उगवायला आम्ही निघालो. पुढच्या सीटवर मी, मांडीवर डबा. रस्ता मोकळा होता. एका फाट्यावर, जिथून कडूबाईच्या गावाला वाट फुटते, तिथं लिंबाजी उभा होता. त्याच गावचा. दिनकररावांच्या जीपला लोंबकळून त्याचं तरुणपण गेलं. कारखान्यावर ऊसतोडीला जाताना बिऱ्हाड घेऊन बसायचा, आल्यावर पहिली मोळी आमच्या दारात टाकायचा. आता पाठीवर फवारणीचा पंप होता. त्यानं हात केला. मग वाकून आत पाहिलं, आणि त्याला मी दिसले.

अपेक्षानं वेग कमी केला नाही. मी मांडीवरचा डबा घट्ट धरला. आरशात तो हात तसाच वर धरून लहान होत गेला.

पोचलो तेव्हा ओसरीवर कोवळं ऊन होतं. बबिता अंगण झाडत होती. कडूबाई भिंतीला टेकून शेंगा फोडत होती, नजर एकदम स्वच्छ. मी दार उघडून आरामात उतरले, पदर सारखा केला आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आक्का, मी आले."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग गाडीकडं. "कोण तुमी?"

"अगं, ठकू."

ती हसली. लहानपणी मी खोटं बोलताना पकडली की हसायची, तशीच. "ठकू? ठकू अशी पुढं बसून येती व्हय? तिच्या घरची गाडी भरून येती बाई. ती सगळ्यांच्या मागून उतरती. मला येडी समजायल्या का?"

"आता जीप नाही गं. दिनकरराव गेले. तू आली होतीस की मातीला."

"दाजी रिकामी गाडी आणत न्हाईत," ती ठामपणे म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडं वळली. "बबिता, च्या टाक. पाव्हण्या चुकून आल्यात."

बबिता खाली मान घालून आत गेली. अपेक्षा गाडीला टेकून उभी होती, तिचा चेहरा पडला होता. मी तिथं बसून कडूबाईबरोबर शेंगा फोडल्या. तिनं फोडू दिल्या. ऊन ओसरीची पायरी चढून वर आलं.

घरी आल्यावर पुढचे दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. भाजी निवडायला घेतली की दाणे कचऱ्यात आणि सालं ताटात. कडूबाई पूर्ण भानावर होती आणि तिनं मला ओळखलं नव्हतं, हे मनातून जाईना. दुपार झाली म्हणून असं झालं, अशी समजूतसुद्धा घालता येत नव्हती.

पुढच्या रविवारी गाडीपाशी येऊन मी अपेक्षाला म्हणाले, "सीट पाड. मी मागं बसते."

"आजी, कंबर मोडेल तुझी. तू बसून-उठून बघितलीस म्हणून ही गाडी घेतली ना आपण?"

"पाड म्हणते ना."

आत शिरताना माझं डोकं छताला लागलं. गुडघे छातीशी आले. खिडकी एवढीशी आणि ती उघडतही नव्हती. आपण किती वेळात पोचू, ऊन कुठं आलं असेल, मला काहीच दिसेना. प्रत्येक खड्डा थेट पाठीत येत होता.

फाटा आला. "थांब," मी म्हणाले.

लिंबाजी पाठीवर पंप घेऊन यष्टीची वाट बघत उभा होता. गाडी थांबली तरी तो जागचा हलला नाही. अपेक्षानं काच खाली केली. "बसा ना आजोबा."

"मागल्या खेपेला बिरेक लागत नव्हते वाटतं," तो म्हणाला.

"आज लागतात," मागून मी म्हणाले. "बस, लिंबाजी."

त्यानं वाकून आत, मग आणखी आत पाहिलं. "वैनीसाब? तुमी तिथं कामून दडलाव?"

"तू बस आधी. ऊन चढायलंय."

"मी पुढं अन् तुमी मागं? न्हाई जमायचं."

"तुला इथं कोंबायला वेळ नाही. बस."

तो पंप मांडीवर घेऊन अंग चोरून पुढं बसला. गावापर्यंत पाठ सीटला टेकवली नाही त्यानं. या वेळी पाऊस कसा ताणतोय, नातू कुठं कामाला लागलाय, सगळं मागं वळून वळून सांगत राहिला, आणि मी नुसती हं हं करत राहिले.

कडूबाईच्या दारात गाडी थांबली. लिंबाजी उतरला आणि सीटशी झटायला लागला. त्याला तो खटका सापडेना. अपेक्षा फिरून त्या बाजूला गेली, तर दारात लिंबाजी अडकलेला. "तुम्ही सरा आजोबा." "थांब पोरी, हे असं ओढायचं असंल." तेवढ्यात सीट अर्धं वाकलं आणि तिथंच राहिलं. माझा डावा पाय बधिर झाला होता. मला ना पुढं येता येत होतं, ना बसता. कंबरेत कळ आली. मी त्या फटीतून हात बाहेर काढला, कुणाला तरी धरता यावं म्हणून.

बाहेर कुणीतरी चपला न घालता चालत आलं. मनगटावर बोटं पडली. हाडकुळी, पण पकड तीच, बांगड्यांच्या वरच्या बाजूला.

"निघ गं ठके. दरवेळेस पार आत कशाला बसतीस?"

मी निघाले. आधी मनगट, मग कोपर, मग खांदा, ती ओढत गेली आणि मी येत गेले. पाठीत काहीतरी कटकन वाजलं. मी ओठ मिटून घेतले. अंगणात उभी राहिल्यावर तिनं माझा पदर सारखा केला, आणि मग तिची नजर लिंबाजीवर गेली.

"अन् तू रे लिंब्या? माझ्या बहिणीला मागं घालून तू पुढं बसून आलास? लाज न्हाई वाटली?"

लिंबाजी पंप पाठीवर चढवत म्हणाला, "त्याच म्हणल्या, आक्का. मी नगं नगं म्हणायलो होतो."

"जा आता. पंप ठिवून ये च्या प्यायला." मग मला, "चल आत. लंगडायलीस कामून? पाय आला का मुंग्यांनी भरून?"

"आला," मी म्हणाले.

अपेक्षा अजून त्या अर्धवट वाकलेल्या सीटशी झटत होती. ओसरीवरचं ऊन पायरीपर्यंत आलं होतं. मी कडूबाईचा हात सोडला नाही, आणि तिला घाई करत आत घेऊन गेले.