प्रेमा सिस्टरची साक्ष

"खोटं बोलतेय ती बाई!" शर्मिला टीव्हीसमोर ताडकन उभी राहिली. "मम्मी, शी इज लाइंग!"

आखातातली शुक्रवारची, सुटीची दुपार होती. व्हिडिओवर भाड्याने आणलेला जुना इंग्रजी सिनेमा चालला होता. गोऱ्यांच्या कोर्टात एक काळा माणूस आरोपी म्हणून बसला होता आणि वर गॅलरीत त्याच्या वकिलाची पोरं श्वास रोखून बघत होती. तांदूळ निवडता निवडता प्रेमाचे हात थांबले.

"तुमच्या हॉस्पिटलचा चोर पण ब्लॅकच आहे ना? त्याचा लॉयर कोण?"

"त्याला लॉयर नाही गं."

"मग त्याची साइड कोण सांगणार?"

"शर्मिला, गप रव!" प्रेमाचा नवरा चंद्रहास खेकसला. पोर हिरमुसून बसली. प्रेमा मात्र मान खाली घालून खडे वेचू लागली, कारण या घरात खोटं बोललेली बाई टीव्हीत नव्हती, सूप घेऊन बसली होती.

झालं होतं ते असं. ऑपरेशन थिएटरमध्ये अंगावर दागिना चालत नाही, हा कडक नियम. बाकीच्या नर्सेस आपापलं लॉकरमध्ये ठेवत. पण नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवायचं नाही असं सासूने बजावलेलं, म्हणून प्रेमा ते थिएटरच्या सदऱ्याला आतून सेफ्टी पिनने टोचून ठेवी. गेल्या शनिवारी शर्मिलाला ताप चढल्याचा फोन आला आणि ही बया तो सदरा न बदलता, वर कोट चढवून तशीच घरी पळाली. दुसऱ्या दिवशी गळा मोकळा दिसला म्हणून मेट्रननी विचारलं, तेव्हा मंगळसूत्र कुठे राहिलं ते तिला आठवेना. नियम मोडल्याचं कळलं तर नोकरी जाईल या भीतीने तोंडातून निघून गेलं, "लॉकरमधून गेलं."

लॉकरच्या खोलीत कपड्यांचे गठ्ठे न्यायला कोण येतं? लाँड्रीतला सुदानी इद्रीस. "काळ्याचंच काम," कुणीतरी म्हणालं. प्रेमा गप्प राहिली. जिला स्वतःला काळी म्हणून दोन स्थळांनी नाकारलं होतं, ती गप्प राहिली! वॉचमननी इद्रीसला सगळ्यांदेखत दंड धरून नेलं. संध्याकाळी घरी धुण्यात सदरा सापडला, पिनेसकट आणि मंगळसूत्रासकट. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

आता उद्या सकाळी चौकशी होती. इद्रीस दोषी ठरला की आधी तुरुंग, मग सुदानला परत धाडणारं विमान.

"मी उद्या खरं सांगणार," प्रेमा हळूच म्हणाली.

"खुळी की काय गो तू? माजा वर्कशॉप बंद पडलाहा. तुजी नोकरी गेली तर खावचा काय?"

"तुम्ही म्हणताय ते खरं आहे. पण त्याची बाजू सांगणारं दुसरं कोणी नाहीच हो."

चंद्रहासने तोंड फिरवलं. शर्मिला दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

शनिवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत चार अरब अधिकारी बसले होते. इद्रीस भिंतीलगत उभा होता. सहा दिवसांत गालफडं बसली होती बिचाऱ्याची. दुभाषी म्हणून मेट्रन फखरुन्निसा होत्या, हैदराबादच्या. प्रेमाने पर्समधून मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं. सदरा, पिन, नियम, भीती, सगळं सांगून टाकलं. 

"क्या बोल रहे तुम, सिस्टर?" मेट्रन कुजबुजल्या. "नौकरी जाती, मालूम?"

"मालूम है, मॅडम. आप साहब को बोलिए."

मेट्रननी सांगितलं. मोठ्या साहेबांनी मंगळसूत्र तिच्याकडे सरकवलं. मग इद्रीसला कामावर जायला सांगितलं आणि प्रेमाला महिनाअखेर घरी.

बाहेर व्हरांड्यात तिने इद्रीसपुढे हात जोडले. "मुझे माफ करो, भाई."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. कशाला म्हणेल?

"इदर चार आदमी सुना," तो म्हणाला. "लाँड्री में सब आदमी देखा, मेरे को पकड के ले गया. उदर आओ. उदर बोलो."

प्रेमाला वाटलं, झालं तेवढं पुरे, आता घरी जावं. पण ती त्याच्या मागोमाग तळघरात उतरली. मशीनं धडधडत होती. इद्रीसने हात वर केला, तशी एकेक करत ती बंद झाली. इजिप्शियन, बंगाली, मल्याळी, तीसेक माणसं ओल्या हातांनी बघत राहिली.

"मैं झूठ बोली थी," प्रेमा म्हणाली. "मेरा मंगळसूत्र मेरे घर में था. इद्रीस ने चोरी नहीं किया."

अर्ध्याअधिक माणसांना हिंदी कळत नव्हतं. इद्रीस तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तिचं बोलणं स्वतःच अरबीत सांगू लागला. एकेक वाक्य, सावकाश, पदरचं काही न घालता. आपल्या नावाशी आला तसा तो थांबला. मग ते वाक्य त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पार मागच्या माणसापर्यंत पोचेल असं.