सातव्या मजल्यावरचे नवे लोक

"सातव्या मजल्यावर आज कुणीतरी राहायला आलंय," तो जेवता जेवता म्हणाला.

तिचा घास हातातच राहिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? डोळे आहेत की. डावीकडची दुसरी खिडकी. आधी स्वयंपाकघरात दिवा लागला, मग बाहेरच्या खोलीत. थोड्या वेळानं बाहेरचा गेला, पण स्वयंपाकघरातला तसाच चालू. विसरभोळं माणूस आहे. एकटाच असणार. मास्तरबिस्तर."

तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि रिकामा झाला तरी खाली ठेवला नाही. मास्तरच होता तो. संध्याकाळी त्या रिकाम्या घरात पाऊल टाकताना तिने मनाशी ठरवलं होतं, इथे एक मास्तर राहतो. बायको नाही. वह्या तपासताना उठून चहा करतो आणि दिवा मालवायचं विसरतो.

"म्हणजे तिथल्या घरांचा भाव आता चढणार," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "की नाही चढायचा? एका मास्तराने काय होतंय म्हणा. थांबू या अजून."

खाटेवर पाय चोळत बसलेली सासू म्हणाली, "थांब हो, थांब. पुढच्या वेळी घर बदलशील तेव्हा सामानाचं राहू दे. मलाच बांधून ने."

*

रस्त्याच्या या बाजूला त्याचं केस कापायचं दुकान, त्या बाजूला ती इमारत. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघायचं, आणि तो गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून आरशातली इमारत बघायचा. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, पण इतक्या दिवसांच्या सवयीने तो ते मनातल्या मनात उलटवून घ्यायचा. वस्तरा कानाजवळ आला की "थांबा" म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याचं नावच 'थांबा' पाडलं होतं. घराच्या बाबतीत तो काय म्हणतो हे कळल्यावर तर ते नाव पक्कंच झालं.

घरांच्या भावांचा फुगा फुगत होता तेव्हा याच खुर्चीत बसून लोक घरं घेत होते. आज घेतलं नाही तर उद्या मिळणार नाही, परवा तर बघायलाही मिळणार नाही. त्याच्या थोरल्या भावाने, दादाने, असंच घाईघाईत घेतलं. भाव अगदी टोकाला असताना. मग फुगा फुटला. घराची किंमत खाली गेली, कर्ज होतं तिथेच राहिलं. आता दादा महिन्यातून एकदा येतो, मान खाली घालून केस कापून घेतो आणि आरशात बघत नाही.

ते बघून बघून हा घाबरला होता. दुसरं काही नव्हतं.

*

(खुर्चीत आणि बाकावर, वेगवेगळ्या दिवशी)

"अजून पडणार. लिहून घे."

"अरे, पडायचं होतं तेवढं पडलं. आता जो घेईल तो राजा."

"माझा मेव्हणा बँकेत आहे, तो म्हणतो थांबा."

"तुझा मेव्हणा फुगा फुगताना काय म्हणत होता?"

"घ्या म्हणत होता."

"मग?"

"मग काय? मिशी जरा बारीक कर."

*

तिला त्या इमारतीत काम मिळालं ते नळ सोडायचं. रिकाम्या घरात बरेच दिवस पाणी गेलं नाही की मोरीतून वास वर येतो, आणि घर बघायला आलेलं माणूस नाकाला रुमाल लावून परत जातं. म्हणून ती दुपारी जायची, प्रत्येक घरातले नळ सोडायची, खिडक्या उघडायची, पुसून घ्यायची. एवढंच तिच्या घरी माहीत होतं.

पुढचं विक्री सांभाळणाऱ्या साहेबाने वाढवलं. तरुण पोरगा, उन्हाळ्यातही गळ्यात टाय. ती मनात त्याला टायवालाच म्हणायची. "बाई, रस्त्यावरून बघितलं की इमारत भुतासारखी दिसते. संध्याकाळी काही घरांत दिवे लावत जा. आधी आपोआप लागणारे बसवले होते. सगळे एकदम पेटले, जसं कुणी हुकूम सोडलाय. माणूस राहतो तसे लावा. आणि कुणाला बोलायचं नाही. घरीसुद्धा."

माणूस राहतो तसे. तिने मनावर घेतलं. तिसऱ्या मजल्यावर तिने एक जोडपं ठेवलं, त्यांचं पटत नाही, एक इकडच्या खोलीत, एक तिकडच्या. पाचव्यावर लेकुरवाळी, तिथले दिवे सारखे लागतात, विझतात. चौथ्या मजल्यावर कोपऱ्यात मात्र तिने कुणाला ठेवलं नाही. त्या घरात लिफ्टमधून सरळ जाता येत होतं, आतले उंबरे नीट सपाट होते, मोरीत धरायला दांडी होती. तिथे ती नळ सोडायची, आणि पाणी वाहत असताना उगाच थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहायची.

"त्या इमारतीत करते तरी काय एवढा वेळ?" सासूने एकदा मुलाला विचारलं. "काय दिवे लावते तिथं?"

"दिवेच लावते, आई," ती आतून म्हणाली, आणि तिघंही हसले.

*

आता तिला कळलं होतं. तिचा नवरा वर्षभर जो बाजार बघत होता, तो ती रोज संध्याकाळी बटणं दाबून तयार करत होती.

आधी तिला हसू आलं. उशीत तोंड खुपसून हसली. मग हसू गेलं.

कारण त्याच आठवड्यात घरमालक दारात येऊन गेला होता. मुलगा परत येतोय, खोल्या लागतील, हिवाळ्याच्या आत बघा कुठेतरी. कुठेतरी म्हणजे पुन्हा कुणाचं तरी, पुन्हा जिने. या खोल्यांचे जिने चढून आल्यापासून सासू पुन्हा खाली उतरली नव्हती, त्याला आता बरेच महिने झाले होते.

जास्त दिवे लावले तर? तो घाबरेल. भाव चढला म्हणून धावत सुटेल, मिळेल त्या किमतीला घेईल. दादासारखा. आणि त्याला धावायला लावणारी आपणच.

कमी लावले तर? भाव पडतोय म्हणेल. थांबू या.

खरं सांगितलं तर? इमारत रिकामी आहे म्हटल्यावर तो म्हणेल, अगं मग तर अजून पडणार. थांबू या.

तिने कूस बदलली. शेजारी तो शांत झोपला होता, मास्तराची सोय लागल्यासारखा.

*

दुसऱ्या संध्याकाळी तिने कुणालाच घरी आणलं नाही. मास्तर आला नाही, भांडणारं जोडपं आलं नाही, पोरं आली नाहीत. अंधार पडला तशी अख्खी इमारत काळी उभी राहिली. मग ती चौथ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या घरात गेली, दिवा लावला आणि खिडकीत उभी राहिली.

समोर दुकानात तो कुणाची तरी हजामत करत होता. त्याचा हात थबकलेला तिला इतक्या लांबून दिसला. तो वळला. आरशातली नको, खरी इमारत बघायला दारात आला. वर बघितलं. मग गळ्यात फडकं बांधलेलं, अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडून त्याने रस्ता ओलांडला.

वर आला तेव्हा धाप लागली होती. लिफ्ट आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तू इथं? आणि बाकीची माणसं? सगळ्यांचा दिवा एकदम कसा गेला? तो मास्तर..."

"मास्तर मीच."

त्याला कळलं नाही.

"पाचव्यावरची पोरं मी. ती भांडणारी नवराबायको मी. इथं कुणी राहत नाही हो. वर्षभर तुम्ही ज्या खिडक्या बघता ना, त्यांतले दिवे मी लावते आणि मीच मालवते. पगार मिळतो त्याचा."

तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय म्हणून ती पुढे झाली, तर तो हसत होता.

"आणि मी गिऱ्हाइकांना सांगत होतो, तिसऱ्या मजल्यावरच्यांचं आता मिटलंय म्हणून!"

"मिटवलं मीच. कंटाळा आला मला त्यांचा."

हसून झालं. त्याने डोळे पुसले, आणि तिला भीती होती तेच म्हणाला. "अगं, पण एवढी रिकामी आहे म्हणजे भाव अजून..."

"पडेल," ती म्हणाली. "अजून पडेल. पडू दे. मी रोज इथं येते, मलाच माहीत नाही तळ कुठं आहे, तर तुमच्या बाकावर बसणाऱ्यांना काय कळणार? मला एवढं कळतं, आजच्या भावात हप्ता आपल्या भाड्याइतका बसतो. मी बँकेत विचारून आलेय. दादांचा बसत नव्हता, म्हणून ते बुडाले. तुम्ही दादा नाही."

त्याने फरशीवरून तळहात फिरवला.

"आणि खरं सांगू? भाव बघणारा माणूस खिडक्या बघतो. तुम्ही माणसं बघत होता. कोण जेवलं, कोण भांडलं, कुणाचं पोर झोपलं. मी सगळ्या जगाला इथं घर दिलं. माझ्याच माणसांना तेवढं दिलं नाही."

तो उठला. मोरीत गेला. तिथली दांडी धरून बघितली, हलवून बघितली. मग आपली आई वाकते तसा वाकून, तिच्या उंचीवरून पुन्हा धरून बघितली.

"घट्ट आहे," तो आतून म्हणाला.

खाली रस्त्यावरून फेस वाळलेलं गिऱ्हाईक ओरडत होतं, "ओ थांबा! किती थांबायचं?"

*

सकाळी टायवाला धावतच आला. "बाई, काल लाइट गेली होती का?"

"लाइट होती साहेब. दिवे मीच लावले नाहीत. आता ते काम माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि हे माझे मालक. चौथ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर घ्यायचंय आम्हाला."

टायवाल्याने भाव सांगितला. नवरा "बरं" म्हणाला आणि बसून राहिला.

टायवाल्याने कागद फिरवले, पंखा वाढवला, फोन घेतला, फोन ठेवला. समोरचा माणूस जागचा हलला नाही. चेहऱ्यावर राग नाही, लाचारी नाही. गिऱ्हाईक येईपर्यंत दुकानात बसावं तसा. टायवाल्याने भाव जरा उतरवला.

"बरं."

"बाई, यांना काहीतरी बोलायला सांगा हो."

"ते असेच आहेत. मला होकार द्यायला वर्ष घेतलं त्यांनी."

"अहो, या भावाखाली इमारतीचे मालक मला उभा राहू देणार नाहीत."

नवऱ्याने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "कानामागं वाढलेत तुमचे. संध्याकाळी या, करून देतो."

टायवाला हसला, आणि तिथेच हरला. टाय सैल केला, मालकाला फोन लावला, बाहेर जाऊन हातवारे करत बोलला. आत आला तेव्हा हप्ता त्यांच्या भाड्याहूनही खाली आला होता.

ज्या थांबण्यावर आयुष्यभर चिडली, ते थांबणं इतकं देखणं असू शकतं हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"एक आहे साहेब," ती उठता उठता म्हणाली, "त्या घरात दिवा मी बिनपगारी लावीन."

"आणि बाकीच्या घरांत?"

"नळ सोडीन. वास येऊ नये हे खरं काम आहे. दिवे नाही."

*

सासू लिफ्टमधून वर आली. खुर्चीत नाही, उभी. दार उघडल्यावर तिने सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली, भिंतींवरून हात फिरवत. कुणी तिला धरलं नाही, तिने धरू दिलं नाही. मग मधोमध उभी राहून मुलाला म्हणाली, "थांबलास ते थांबलास, पण घेतलंस हो झकास." आणि सुनेकडे बघून, "तू घ्यायला लावलंस म्हणते मी."

दादा आला. त्यालाही घर फिरवून दाखवलं. निघताना तो धाकट्याच्या पाठीवर नुसता हात ठेवून गेला.

पुढे इमारतीत खरी माणसं येऊ लागली. एकेक करून, हळूहळू. तिने ठरवली असती त्यापेक्षा फारच गबाळी. एकाच्या बाल्कनीत सायकल, एकाकडे दिवसभर रेडिओ. सातव्यावर पैलवानासारखा एक माणूस आला, त्याला मास्तर म्हणावं असं काहीच त्याच्यात नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी नवरा बाहेरून पेपर घेऊन आला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं: घरांचे भाव आणखी खाली. जाणकारांचं मत, खरेदीची घाई नको.

त्याने ती बातमी उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, डबे पुसत. तिने वळून बघितलं नाही, पण तिचा हात थांबला.

त्याने कात्री घेतली. वीत टाकून फळीचं माप घेतलं, ते पहिलं पान बरोबर तेवढं कापलं आणि फळीवर अंथरलं.

"कडेला दोन बोटं लोंबू दे," बाहेरून सासू म्हणाली. "बरं दिसतं."

त्याने कडेला दोन बोटं सोडली. कोपऱ्यात एक सुरकुती राहिली होती, ती तळहाताने दाबून सपाट केली, आणि बायकोकडे न बघता हात पुढे केला.

"दे," तो म्हणाला, "आधी मोठे डबे दे."