रेंगाळणारा आवाज

ट्रामवाल्या काकांनी बायकोचा हात सोडला, तो फक्त तिकिटाच्या मशीनशी भांडण्यापुरता. नोट आत सरकवली की मशीन ती जीभ दाखवल्यासारखी बाहेर काढायचं. काकांनी नोट उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, शर्टावर घासून पाहिली. मागे रांगेत एक तरुणी चुळबुळत होती. शेवटी "द्या हो इकडे" म्हणून तिने नोट घेतली आणि मशीनने ती निमूट गिळली. काका तिकिटं घेऊन वळले, "चला बाईसाहेब" म्हणाले, आणि शेजारी बाईसाहेब नव्हत्याच.

काकांनी मशीनच्या मागेसुद्धा वाकून पाहिलं.

दोघं निघाली होती डोळ्यांच्या डॉक्टरकडे. घरापासून मोठ्या स्टेशनापर्यंत ट्राम, आणि स्टेशनातून जिना उतरून मेट्रो. आदल्या दिवशी चिरंजीव फोनवर म्हणाले होते, "बाबा, टॅक्सी करा. नाहीतर मी रजा काढतो." झोंबल्या काकांच्या नाकाला मिरच्या. "अरे, अर्ध्या गावाला मी माझ्या ट्रामने त्या स्टेशनावर नेऊन सोडलंय, आणि तू मला रस्ता शिकवतोस?" मग चिरंजीवांनीही मनातलं बोलून टाकलं. आईसाठी त्यांनी एका ठिकाणी खोली बघून ठेवली होती. बाग होती, नर्स होत्या, सूनबाई तर जाऊन पडदेसुद्धा पाहून आल्या होत्या. "आजवर तुमचं ऐकलं," चिरंजीव म्हणाले, "पण एकदा जरी आई हरवली, तर मग मी ऐकणार नाही." तिथे आजारी माणसालाच ठेवून घेत. ठणठणीत नवऱ्याने आपलं भेटायला यायचं, खुर्चीवर बसायचं आणि वेळ संपली की घरी जायचं. काका ठणठणीत होते, हाच मोठा घोटाळा होता.

आता या बाईसाहेब कोण, ते सांगायला हवं. त्या याच स्टेशनाच्या निवेदिका. घुमटाखाली वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती, तिथे बसून त्यांनी सगळी नोकरी गाड्या बोलावण्यात आणि पाठवण्यात काढली. सगळं स्टेशन त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. निवृत्तीच्या आधी स्टेशनाने त्यांचा आवाज तुकड्यातुकड्यांनी भरून घेतला. आकडे वेगळे, गावांची नावं वेगळी, 'कृपया' वेगळं. तोच आवाज अजून वाजतो. सावकाश, एकेक अक्षर जिभेवर घोळवत. गावात थट्टाच होती, की बाईंचं वाक्य संपेपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनात पोचलेली असते.

अलीकडे बाईंच्या डोक्यातून एकेक गोष्ट उतरून चालली होती. आधी शेजारीपाजारी, मग भाज्यांची नावं, मग नातवंडं. घोषणा तेवढ्या जागच्या जागी होत्या. हातून कप पडला, की "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." चहा उकळला, की "चहा थोड्याच वेळात टेबलावर येत आहे." पहिल्यांदा काका रडकुंडीला आले. पण माणूस ट्रामचा, रूळ सापडला की चालायचा. बाईंना "चल, अंघोळ करून घे" म्हटलं तर त्या ढिम्म हलत नसत. काकांनी मग छाती फुगवून म्हणायला सुरुवात केली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अंघोळीला जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." की निघाल्याच बाई टॉवेल घेऊन, लगबगीने. गोळ्या, चपला, झोप, सगळं असंच चालायचं. काका स्वतःवर भलतेच खूश होते. चिरंजीवांना हे त्यांनी कधी सांगितलं नाही. हसला असता मेला.

तर असे काका, हातात दोन तिकिटं धरून, स्टेशनाच्या मोठ्या हॉलमध्ये उभे.

दुपार कलली होती. घुमटाच्या जुन्या काचांमधून मधासारखं ऊन खाली उतरत होतं आणि त्यात सगळ्यांच्या हालचाली मंद झाल्या होत्या. धावणारा माणूससुद्धा त्या उजेडात आला की तरंगल्यासारखा दिसे. बाहेरच्या चौकात ट्रामची घंटी वाजत होती. मेट्रोच्या जिन्यातून गरम वारा वर येत होता आणि बायकांच्या ओढण्या हलवून घुमटाकडे निघून जात होता. काकांनी बाकं पाहिली, पुस्तकांचं दुकान पाहिलं, बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून हाका मारल्या आणि दोन-चार जणींच्या शिव्या खाल्ल्या. मग चौकशीची खिडकी गाठली.

खिडकीतली मुलगी चांगली होती. "आजी हरवल्यात? थांबा, मी घोषणा करते," म्हणाली आणि माइक ओढून भराभरा बोलून मोकळी झाली. निळा स्वेटर, पांढरे केस, चौकशीच्या खिडकीपाशी यावे. काका खिडकीची कड धरून उभे राहिले. कोणी आलं नाही. येणार तरी कसं? या नव्या मुलींच्या घोषणांना बाई घोषणा मानतच नव्हत्या. "शब्द गिळतात मेल्या. उपाशी असतात की काय!" हे त्यांचं ठरलेलं मत.

आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

"प्रवाशांनी... कृपया... लक्ष द्यावे." बाईंचा. नोकरीत होत्या तेव्हाचा. "सीमेकडे जाणारी गाडी... फलाट क्रमांक चारवरून... सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी... आपापल्या जागी... बसून घ्यावे."

घोषणा म्हणजे घोषणा. बाईंना घोषणेमागे चालायला घरी कोणी शिकवलं होतं? त्यांनीच. बायको इथे हरवली नव्हती, सांगितलेलं ऐकत होती. आणि ती सीमेकडची गाडी एकदा सुटली, की रात्रभर कुठे थांबत नसे.

धावले काका. या वयात धावले. चौथ्या फलाटावर पोचले तेव्हा गाडीचा शेवटचा डबा त्यांच्या नाकासमोरून हलला. एक हमाल आपल्या हातगाडीवर टेकून उभा होता, त्याच्या दंडाला धरून काकांनी विचारलं, "निळा स्वेटर... बाई..."

"होत्या ना," हमाल म्हणाला. "चढल्यासुद्धा होत्या. तेवढ्यात वर दुसरी घोषणा सुरू झाली, तशा उतरल्या. मला म्हणतात, 'बदल झालेला आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी.' आणि गेल्या हो तुरुतुरु."

"कुठली घोषणा?"

"आता ते काय लक्षात राहतंय? इथे दिवसभर कोणी ना कोणी सांगतच असतं."

काका मागच्या दाराने बसच्या थांब्यांकडे गेले, तिथून परत समोर ट्रामच्या चौकात आले, तिथून पुन्हा आत. शर्ट पाठीला चिकटला. खिशात फोन थरथरला. चिरंजीव. उचलला नाही. काय सांगणार? 'पोचलो, आईचे डोळे छान आहेत' असं ठोकून द्यायचं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं. सापडल्यावर. आधी सापडू दे.

घुमटाच्या बरोबर खाली ते थांबले. धावून काही होणार नव्हतं. बाई जिकडे गेल्या असतील तिकडे त्यांना आवाजाने नेलं होतं. आता आवाजालाच विचारायला हवं. काकांनी डोळे मिटले. भोवती चाकांच्या बॅगांची घरघर, पावलं, कुठेतरी खुदकन हसणं. आणि मग पुन्हा ते, अगदी कानाशी वाकून सांगितल्यासारखं. "गावाला वळसा घालणारी... गोल गाडी... फलाट क्रमांक नऊवर... उभी आहे." काका निघाले. बाईंच्याच चालीने, सावकाश. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचं ऐकून उलट शब्द न बोलता निघण्याची ही पहिलीच वेळ.

नवव्या फलाटावर गोल गाडी उभी होती. तिसऱ्याच डब्यात, खिडकीपाशी, मांडीवर पर्स घेऊन बाई बसल्या होत्या. केस नीट, चेहरा शांत. जीव भांड्यात पडला काकांचा. ते आत चढले.

"अगं, किती शोधलं तुला! चल, उतर."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. परक्या माणसाकडे पाहावं तितक्याच अदबीने पाहिलं. "घोषणा झाल्याशिवाय कसं उतरणार?"

काकांनी घसा खाकरला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सर्वांनी उतरून घ्यावे."

"अशी असते का घोषणा?" बाई म्हणाल्या. "गाडीचं नाव नाही, फलाट नाही. कोणी नेमलं तुम्हाला?"

आणि दारं मिटली. गाडी हलली.

काका समोरच्या बाकावर मटकन बसले. काही बिघडलं नव्हतं, गोल गाडी वळसा घालून पुन्हा मोठ्या स्टेशनातच येते. पण बायको समोर बसून आपल्याला ओळखत नाही, हे त्यांच्या छातीत मावेना. याआधी नातवंडं गेली होती तिच्या डोक्यातून. आज त्यांचा नंबर लागला होता.

खिडकीबाहेर घरांच्या पाठी सरकत होत्या. दोरीवरचे कपडे, एक निजलेलं मांजर, नदीवरचा पूल, पुलावरून त्यांच्याच दिशेने जाणारी एक ट्राम. बाईंनी बोट दाखवलं.

"ट्राम," त्या म्हणाल्या. "आमच्या स्टेशनासमोर एक ट्रामवाला यायचा. सगळे खाली उतरले, तरी हा आपला चौकात गाडी उभी करून, खिडकी उघडी टाकून बसलेला. मागच्या ट्रामा घंट्या बडवताहेत, शिव्या देताहेत, पण हा काही हलत नाही. माझी घोषणा संपली की मग निघायचा."

कान लाल झाले काकांचे. इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणापाशी कबूल केलेलं नव्हतं. ब्रेक नीट लागत नाही, असं सांगायचे ते डेपोत.

"मला वरून दिसायचा ना तो," बाई म्हणाल्या. "मग मी सावकाश बोलायचे. संपली घोषणा की जाईल, म्हणून संपवायचेच नाही लवकर. साहेब म्हणायचे, काय स्पष्ट बोलता हो बाई! स्पष्ट कसलं डोंबलाचं? रेंगाळत होते मी."

आयुष्यभर 'अहो' म्हणणारी बायको त्यांना पहिल्यांदाच 'तो' म्हणत होती, आणि ऐकताना काकांना अंगभर बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं. म्हणजे ही सगळी वर्षं, साऱ्या स्टेशनात, गर्दीच्या डोक्यावरून हे असं चाललं होतं. आणि त्यांना वाटायचं, बायकोची बोलायची ढबच तशी.

"मग काय झालं त्या ट्रामवाल्याचं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"व्हायचंय काय? केलं लग्न. स्वभावाने चांगला आहे, पण घुम्या. मनातलं म्हणून सांगणार नाही. घाबरतो ना, तेव्हा उगाच मोठ्याने बोलतो, म्हणजे कुणाला कळू नये." बाई पुढे वाकल्या. "तुम्ही माणूस बरे दिसता. त्याला एक निरोप द्याल का? मी या गाडीत बसलेय म्हणून सांगा. शोधत असेल हो. फार घाबरला असेल."

काकांना पुढचं काही दिसेना. त्यांनी मान खाली घातली आणि रुमाल शोधत बसले.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्यांनी उचलला.

"बाबा! कुठे आहात? डॉक्टरांकडून फोन आला, तुम्ही पोचलाच नाहीत."

ठोकून द्यायचं वाक्य तोंडाशी तयार होतं. ट्रामचा खोळंबा, मेट्रोतली गर्दी, काहीही चाललं असतं. काकांनी बाईंकडे पाहिलं. त्या निरोप जातोय का, हे पाहत होत्या.

"आई हरवली होती रे," काका म्हणाले. "सापडली. गोल गाडीत आहोत दोघं. पण हरवली होती. माझ्या हातून सुटली." त्यांचा आवाज चिरकला, तो त्यांनी तसाच चिरकू दिला. "मी फार घाबरलो. मला एकट्याला नाही झेपत. तिला तिथे नेऊन ठेवू नकोस, मी हात जोडतो. पण तुम्ही दोघं या. मला मदत करा."

मग चिरंजीव म्हणाले, अगदी लहानपणी म्हणत तशा बारीक आवाजात, "हे कधी बोललाच नाहीत तुम्ही, बाबा. मला वाटायचं, आम्ही आलेलंच नको असतं तुम्हाला." आणि नाक ओढून, "गाडीतच बसून राहा. मी मोठ्या स्टेशनावर येतो. मग बोलू. खोलीचं पण बोलू, घाबरू नका."

काकांनी फोन ठेवला.

"सांगितलंत त्याला?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"कळलं म्हणाला त्याला. सगळं कळलं."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मांडीवरची पर्स उचलली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर नीट ठेवली. पुढच्या थांब्यावर गर्दी चढली. फुलांच्या कुंड्या घेतलेली एक बाई त्या जागेपाशी येऊन म्हणाली, "इथे कुणी आहे का हो?"

"आमचा माणूस आहे," बाई म्हणाल्या.

कुंड्यावालीने इकडेतिकडे पाहिलं. कुठे कुणी येताना दिसेना, तेव्हा तिने समोर काकांकडे पाहिलं.

काका उठले. "तुम्ही इथे बसा," म्हणून त्यांनी तिला आपली जागा दिली, आणि वरची दांडी धरून, त्या पर्ससमोर, तसेच उभे राहिले.