लिफ्टमध्ये अडकलेला बॉस

"लिफ्टवर माझा काडीचा विश्वास नाही," असं म्हणून सासूबाई पुठ्ठ्याचं मॉडेल छातीशी धरून जिन्यानं निघाल्या. चार मजले, त्यात दुखरे गुडघे. हौस असेल तर चढा, असं मनात म्हणत मी लिफ्टचं बटण दाबलं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये ती थांबली, तेव्हा तीन वाजायला बावीस मिनिटं होती.

तीनला वर माझ्या वाचनालयाच्या आराखड्याचं सादरीकरण होतं. इमारतींचे आराखडे करणं हे माझं काम. तीन वर्षांत चार स्पर्धा हरले होते, आणि या खेपेला पहिल्यांदाच शेवटच्या पाचांत पोचले होते. तीनच्या ठोक्याला चित्रं पडद्यावर दिसली नाहीत तर नाव बाद, असा नियम. चित्रं माझ्या फोनमध्ये आणि लिफ्टमध्ये रेंजचा पत्ता नाही. सकाळी शेवटच्या क्षणी एक भिंत सरकवली आणि नवी फाईल कुणालाही न पाठवता निघाले, तेव्हा चूक माझीच.

"मेकॅनिक निघालाय, पाऊण तास लागेल!" खालून रखवालदार ओरडला.

चौथ्या मजल्याच्या दाराखाली जेमतेम कागद जाईल एवढी फट होती. फोन काही जाईना. तेवढ्यात फटीत सासूबाईंच्या चपला दिसल्या.

"आई, फोन काढा! फाईल पाठवते. फोन जवळ असले की एकमेकांना थेट देतात, रेंज लागत नाही."

जवळच्या फोनच्या यादीत त्यांचा फोन सापडला. मी फाईल पाठवली. नाकारली. पुन्हा पाठवली. नाकारली. तिसऱ्यांदाही तेच! माझं डोकंच फिरलं.

"आई, काय चाललंय?"

"अगं, कुणीतरी बॉस हात धुऊन मागे लागलाय. फाईल घ्या, फाईल घ्या! तीनदा नको म्हटलं मेल्याला." आवाजात केवढा अभिमान!

मी कपाळावर हात मारला. माझा फोन वापरलेला घेतलेला. आधीच्या मालकानं त्याला दिलेलं 'बॉस' हे नाव आळसापायी तसंच राहिलं होतं. आणि अनोळखी माणसानं काही पाठवलं की सरळ नको म्हणायचं, हे मीच त्यांना आठवडाभर चिडचिड करत पढवलं होतं.

"आई, तो बॉस मीच!"

"कशावरून?"

"आता मी तीन म्हटलं की त्याची फाईल येईल. एक, दोन, तीन! आली?"

"आली गं!"

"मग हो म्हणा!"

त्या कण्हत खाली बसल्या आणि फोन फटीशी धरला. फाईल किती गेली हे दाखवणारी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत शेवटाला पोचली.

"आता तुम्हीच दाखवा. अर्जावर तुमचंही नाव आहे."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"उतार कुणी ठरवला?"

वाचनालयात पायऱ्यांऐवजी उतार आहे. त्यासाठी हॉलमध्ये तिरकी फळी लावून त्या दोन दिवस वर-खाली चालल्या होत्या. गुडघा कुरकुरला की फळी थोडी खाली. शेवटी ठरला तोच उतार चित्रात होता.

चपला पटापट निघून गेल्या.

मेकॅनिकनं मला बाहेर काढलं तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी धावत दारात पोचले. पडद्यावर माझा आराखडा, टेबलावर मॉडेल, आणि सासूबाई परीक्षकांना ठणकावून सांगत होत्या, "या उतारावर माझा गुडघा कुरकुरत नाही. मग कुणाचाच कुरकुरणार नाही!" परीक्षक हसत होते, भराभर लिहून घेत होते. मी दारातच रडायला लागले.

तासाभरानं निकाल लागला. आम्ही जिंकलो! मी एवढ्या जोरात ओरडले की रखवालदार धावत वर आला.

"त्या मोठ्या पडद्याच्या टीव्हीला फाईल दिली तर त्यानं पहिल्याच फटक्यात हो म्हटलं," सासूबाई मला ऐकवत होत्या. "तुझ्यासारखा तमाशा नाही."

खाली आम्ही दोघी जिन्यानंच उतरलो. दुसऱ्या मजल्यावर त्या दम खायला पायरीवर बसल्या, तेव्हा मी दोन्ही फोनची नावं बदलली. त्यांच्या फोनचं नाव ठेवलं बॉस. मग माझ्या फोनवरून त्यांना निकालाच्या कागदाचा फोटो पाठवला.

त्यांनी चष्मा सावरून वाचलं. "सून फोटो पाठवते आहे. घ्यायचा का?"

"ही माझ्या ओळखीची आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी लगेच हो दाबलं.