वारुळावरचा साग

शिल्पा नांदायला आली ती किल्लारीहून पलंग घेऊन. व्याही गुंडप्पा म्हणाले, अस्सल सागवान हाय. सासू नीलाबाईंनी पलंगावर बोटं वाजवून बघितली आणि नाक मुरडलं.

"किल्लारीत ऊस पिकतो. साग आमच्या भोकरच्या रानात. ह्यो तर मला रंग फासलेला आंबा दिसून राहिला."

शिल्पाचं तोंड एवढंसं झालं. बापानं वर्षभर सुताराकडं हेलपाटे घालून करून घेतलेला पलंग, तो तीन महिने पडवीत भिंतीला टेकून उभा.

सुट्टीत थोरल्या मुलाची लेक ऋतुजा आली. नांदेडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आज्जी, भांडू नको. सागात क्विनोन जातीचं एक रसायन असतं, टेक्टोक्विनोन. वाळवीला ते सोसत नाही. पलंगाची ढलपी वारुळावर ठेव, वाळवीच सांगेल."

"ठेवा की!" नीलाबाई उसळल्या. "वाळवीनं खाल्लं तर पलंग परत किल्लारीला. न्हाई खाल्लं तर माझ्या बैठकीत मांडीन. आन् शेजारी माझ्या माहेरच्या पेटीची ढलपी ठेवा. खरा साग कसा असतो, कळू दे त्या व्याह्याला!"

बांधावरच्या वारुळावर दोन्ही ढलप्या ठेवल्या. तीन आठवडे नीलाबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. मग शिल्पानं त्या उचलल्या. पलंगाच्या ढलपीवर नुसती माती होती. पुसली तर लाकूड जसंच्या तसं. माहेरच्या पेटीच्या ढलपीची मात्र चाळण झालेली. बोट लावलं की भुगा.

शिल्पानं पदर तोंडाला लावला. ऋतुजा घाईनं म्हणाली, "आज्जी, हाही सागच हाय. पण झाडाचा सालीलगतचा, पांढरा भाग. क्विनोन सगळं आतल्या गाभ्यात असतं."

नीलाबाई भुग्याकडं बघत राहिल्या. ह्याच पेटीचं नाव काढून चाळीस वर्षं त्यांनी समद्या जावांना गप्प बसवलं होतं.

"मेला सुतार!" त्या कडाडल्या. "माझ्या भोळ्या बापाला साल दिली आन् गाभा सोताच्या घरी नेला!"

"आत्याबाई," शिल्पानं लई गरिबीनं विचारलं, "पलंग कुठं मांडायचा?"

"बैठकीत. दारातून दिसंल असा. आन् तुझ्या बापाला फोन लाव, त्यांच्या सुताराचा नंबर इचार. मला पेटी करायचीय."

शिल्पा फोन काढत होती, तवर नीलाबाई पुन्हा खेकसल्या, "कुणासाठी ते सांगू नको!"