एन्टर दाबल्याचा गुन्हा

चौकशीच्या खोलीत पाण्याचा ग्लास सगळ्यांपुढे ठेवला होता, फक्त सिस्टरपुढे नव्हता. तिथेच माझं डोकं फिरलं.

सिस्टरवर आरोप असा, की पेशंटला न चालणारं इंजेक्शन तिनं दिलं. पेशंट म्हणजे एक निवृत्त टंकलेखिका. बिचारीचा चेहरा सुजला, श्वास अडकला, नशीब, वाचली. हे औषध मला चालत नाही, असं तिनं हॉस्पिटलच्या वेबसाइटवर फॉर्म भरताना स्वतः लिहिलं होतं. सिस्टर म्हणत होती, स्क्रीनवर ‘ॲलर्जी : नोंद नाही’ असंच होतं. तिचं कुणी ऐकत नव्हतं. आज तिची नोकरी जाणार, हे त्या खोलीतल्या खुर्च्यांनाही माहीत होतं.

ती वेबसाइट आणि वॉर्डातल्या स्क्रीनवर दिसणारं पान, दोन्ही आमच्या कंपनीनं केलेलं. आमच्या साहेबांना आम्ही मागून ‘उद्याबघू’ म्हणतो, कारण कुठलंही काम सांगा, उत्तर ठरलेलं. त्यांनी मला येतानाच बजावलं होतं, “तू फक्त मान डोलवायची. पेशंटनं फॉर्म चुकीचा भरला, विषय संपला.”

चुकीचा भरला म्हणे! तीस वर्षं टाइपरायटर बडवलेली बाई. ओळ संपली की खालच्या ओळीवर जायचं, हे तिच्या बोटांत मुरलेलं. तिनं औषधाचं नाव लिहिलं, एन्टर दाबलं आणि खाली ‘अंग सुजते’ असं लिहिलं. एवढाच तिचा गुन्हा.

खरा गुन्हा आमचा. बाहेरच्या माणसानं लिहिलेला मजकूर पानाच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पान चालवणाऱ्या कोडमध्ये, जसाच्या तसा कधी घालायचा नसतो. त्यातली अवतरणचिन्हं, नवी ओळ, सगळं आधी एस्केप करायचं असतं, म्हणजे खुणा घालून निरुपद्रवी करायचं असतं. मग ब्राउझर त्याला नुसता मजकूर समजतो, आमचा कोड समजत नाही. हे केलं नाही तर एखादा भामटा तिथे स्वतःचा कोड घुसवतो. इथे भामट्याचीही गरज पडली नाही. आजींच्या एका एन्टरनं स्क्रिप्ट मधेच तुटली, आणि पानावर आधीपासून असलेलं ‘नोंद नाही’ तसंच राहिलं. माहिती मिळाली नाही म्हणायचं सोडून आमचं पान धडधडीत खोटं बोललं. आणि पान तपासताना आम्ही त्या चौकटीत काय लिहायचो? ‘टेस्ट’. दोन वर्षं प्रत्येक पान आम्ही त्याच एका शब्दावर पास करत आलो.

साहेब मात्र गोड आवाजात हॉस्पिटलच्या प्रशासक मॅडमना समजावत होते. “वयस्कर लोकांना कॉम्प्युटर जमत नाही हो. आणि सिस्टरनी तोंडी विचारायला नको का?”

“कुणाला विचारू? त्या ग्लानीत होत्या,” सिस्टर म्हणाली. “मॅडम, स्क्रीन बघूनच औषध द्यायचं, हा कागद वॉर्डात तुम्हीच चिकटवलाय ना?”

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि सहीसाठी पेन उघडलं.

मग मला राहवेना. मी लॅपटॉप टेबलावर आपटलाच. “मॅडम, हा खोटा पेशंट. हे औषधाचं नाव. आता एन्टर. आता दुसरी ओळ. बघा काय दिसतंय.”

‘ॲलर्जी : नोंद नाही.’

साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. “साहेब, पाय काढा,” मी मोठ्यानं म्हटलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे पान पास कुणी केलं?”

साहेब छताकडे बघायला लागले.

“मी,” मी म्हटलं. “मजकूर एस्केप केलेला नाही, असा शेरा मी लिहिला होता. साहेब म्हणाले, उद्या बघू. संध्याकाळी मीच तो शेरा काढला आणि मंजुरीचं बटण दाबलं.”

आता सिस्टर आभार मानेल, असं मला वाटलं. लाज वाटायला हवी, पण वाटलं खरं.

“मला स्क्रीनवर हेच दिसलं असणार, हे तुम्हाला कधी कळलं?” तिनं विचारलं.

“सोमवारी.”

“आज शुक्रवार आहे. चार दिवस मला वाटतंय, तिथे लिहिलेलं होतं आणि मलाच दिसलं नाही. काल मी डोळे तपासून आले.”

मी माझा पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. तिनं तो परत माझ्याकडे ढकलला.