गांधीलमाशांचा भोंगा

मला विजेची तार लागत नाही, मित्रांनो. मला माणसाचा घसा लागतो. जाड पुठ्ठ्याचा, पत्र्याच्या तोंडाचा असा मी जुना भोंगा आहे. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या टिल्डन क्रॉसिंगच्या हायस्कुलात माझा जन्म झाला. सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी मला वळवलं, पिवळा रंग दिला आणि पोटावर काळी गांधीलमाशी काढली, कारण शाळेचा फुटबॉल संघ स्वतःला गांधीलमाशा म्हणवतो. ती माशी इतकी लठ्ठ झाली की बाहेरगावचे लोक तिला बटाटा समजतात.

माझ्यातून पहिल्यांदा ओरडला तो ऑरिन व्हॅन्डव्हीअर. हो, मुलगाच. त्या काळी चीअरलीडर, म्हणजे कडेला उभं राहून आरोळ्यांनी संघाला चेव आणणारे, मुलगेच असायचे. लोकरीचा स्वेटर घालून ऑरिन लोकांसमोर माकडासारख्या उड्या मारायचा, आणि त्याचा घसा बसला की गाव म्हणायचं, हा पोरगा पुढारी होणार. तो पुढे न्यायाधीश झाला आणि निकालसुद्धा ओरडूनच द्यायचा म्हणे. मग लढाई लागली, मुलगे तिकडे गेले आणि मी मुलींच्या हातात आलो. आरोळ्या त्याच, उड्याही त्याच. पण आता कोणी पुढारी म्हणेना. म्हणायचे, काय गोड दिसतात. एवढं शहाणं गाव, आणि एका स्कर्टने त्याचं मत फिरलं. त्यानंतर दर पिढीला आवाज कमी होत गेला आणि दात जास्त दिसू लागले.

या कामातली खरी गंमत कोणी सांगत नाही. चीअरलीडर मैदानाकडे पाठ करून उभ्या असतात. ज्या सामन्यासाठी बोंबलायचं, तो त्यांना दिसतच नाही. एकदा चेंडू आमच्याकडे होता, आमचाच मुलगा तो काखेत मारून सुसाट सुटला होता आणि आम्ही जीव तोडून ओरडत होतो, अडवा, अडवा. प्रेक्षकांनीही आमच्या सुरात सूर मिसळला. त्यांना सामना समोर दिसत होता, तरीही.

आता माझ्यात कोणी ओरडत नाही. स्पीकरवर गाणं लागतं. मुलींच्या डोक्यावर ताटलीएवढ्या फिती, गालांवर चकाकी आणि केसांवर एवढा फवारा की वाऱ्याचीच बोटं मोडावीत. मी कडेला शोभेला उभा. माझ्या पोटात ओठांना लावायचं मलम आणि कोणाचा तरी अर्धा खाल्लेला रन्झा, म्हणजे खिमा भरलेला पाव. आणि हल्ली ते मुलींना वर फेकतात. तिघी खाली उभ्या राहून चौथीला भिरकावतात आणि परत झेलतात. ब्रिन डोलेझाल सगळ्यांत हलकी, म्हणून ती वरची. हलकं असणं हा इथे गुण आहे.

एका आठवड्यात सराव करताना झेलणाऱ्यांचा हात चुकला. ब्रिनचं डोकं व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर आपटलं. कोच शेलीने तिला आज वार कोणता ते विचारलं. तिने बरोबर सांगितलं. झालं, शेलीच्या मते मुलगी ठणठणीत होती. मग ब्रिन माझ्याशेजारी येऊन बसली आणि कोणीतरी दिवे बंद करा म्हणाली. दुपार होती. दिवे लावलेलेच नव्हते.

शुक्रवारी सामन्याआधी तिची आई जेना शेलीला येऊन भेटली. पोरीचं डोकं अजून दुखतंय, तिला आज वर चढवू नकोस, म्हणाली. फुटबॉलच्या मुलाचं डोकं आपटलं तर डॉक्टरने हो म्हणेपर्यंत तो मैदानात उतरत नाही, असा शाळेचा नियम आहे. चीअरलीडरसाठी नियम नाही, कारण शाळेच्या मते हा खेळच नव्हे, हा उत्साह. शेलीने तेच ऐकवलं. वर म्हणाली की आज जुने विद्यार्थी आलेत, आणि आपण दोघी तर तापातही उभ्या राहायचो. ते खरं होतं, दोघी एकेकाळी इथल्याच चीअरलीडर होत्या. जेना वर बाकावर जाऊन बसली. हातातली चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा रोल निवून गेले, तिची नजर काही ब्रिनवरून हलली नाही.

फुटबॉलमध्ये एक रीत आहे. मुलगा जखमी होऊन पडला की तो उठेपर्यंत चीअरलीडर एक गुडघा टेकून गप्प बसतात. त्या संध्याकाळी आमचा एक धिप्पाड गडी पडला. सगळं मैदान चिडीचूप. डॉक्टर धावले. घोटा मुरगळला होता. तो लंगडत उठला, टाळ्या झाल्या, मुली उभ्या राहिल्या. ब्रिन उठली नाही.

"ब्रिन, ऊठ. आणि हस," शेली दातांतल्या दातांत म्हणाली.

"मी बसते, कोच."

"अगं, तो उठला. बरा आहे तो."

"त्याच्यासाठी नाही बसले. माझ्यासाठी बसलेय."

गाणं सुरू झालं. तिघी मुली हात पसरून उभ्या राहिल्या, वर कोणीच नव्हतं. तोवर जेना कठडा ओलांडून खाली आली होती. तिथे आयांना यायची परवानगी नाही.

"जेना, सगळं गाव बघतंय."

"बघू दे. बघायलाच आलंय ना? आपण दोघी तापात हसत उभ्या राहिलो, म्हणून तर कोणाला काही दिसलं नाही."

तिने लेकीच्या मानेमागे हात धरला. मग मला उचललं. मलम आणि पाव खाली सांडले. कित्येक वर्षांनी माझ्यातून एक शब्द बाहेर पडला, "डॉक्टर!"

डॉक्टर त्या घोट्यावर बर्फ ठेवत होते. ते आले, त्यांनी ब्रिनच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला आणि हिला हलवू नका म्हणाले. पंचांनी शिटी मारून खेळ थांबवला. पलीकडच्या कडेला पाहुण्या शाळेच्या मुलींनी गुडघे टेकले. आमच्याकडे हे कोणालाही सुचलं नाही.

ब्रिन बरी झाली, पण पुन्हा वर चढली नाही. यावर गावाने काय करावं? एक नवी हलकी मुलगी शोधली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी पुठ्ठा आहे, कधीतरी ओल लागेल आणि जाईन. पण ती नवी मुलगी डोकं धरून बसली, तर तिला बसू द्या. सामना थांबवता येतो. मी थांबलेला पाहिलाय.